सिग्नलला सायकल नेमकी कुठं थांबवायची? मुलगा नववीत आहे

अनगोळची_आई:

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, पण बेळगावात रोज सायकल चालवणारं किंवा मोठी गाडी चालवणारं कुणी असेल तर पूर्ण वाचा प्लीज. माझा मुलगा नववीत आहे, अनगोळातून टिळकवाडीला शाळेत सायकलनं जातो, मध्ये एक रेल्वे गेट आणि पुढं एक सिग्नल. गेल्या आठवड्यात सकाळी लाल होता म्हणून तो सिग्नलला थांबला, अगदी डाव्या कडेला, फुटपाथला पाय टेकून, कारण आम्ही त्याला लहानपणापासून हेच शिकवलंय की कडेनं जा, कडेला थांब. त्याच्या उजव्या हाताला एक मालाचा टेम्पो येऊन उभा राहिला. हिरवा पडला, हा सरळ निघाला आणि टेम्पो इंडिकेटर न देता डावीकडं वळला. हौद्याच्या कोपऱ्यात हँडल अडकलं, पोरगा फुटपाथवर फेकला गेला म्हणून वाचला आणि सायकल मागच्या चाकाखाली गेली. गुडघा, कोपर सोललंय, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. टेम्पो थांबला पण नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, तिथं जमलेल्यांतल्या दोघातिघांनी त्यालाच ऐकवलं की टेम्पोच्या बाजूला कशाला घुसलास. तो घुसला नव्हता हो, तो आधीपासून उभा होता, टेम्पो नंतर आला. घरी येऊन तो हेच परत परत सांगत होता की आई मी लालला थांबलो होतो.

आता घरात तीन मतं आहेत. मिस्टर म्हणतात त्याला ॲक्टिव्हा देऊया, निदान गाड्यांच्या स्पीडनं तरी जाईल. सासूबाई म्हणतात रिक्षा लावा, पण त्या रिक्षात पोरं कशी कोंबलेली असतात ते मला बघवत नाही. मुलाला सायकलच पाहिजे आणि मनातून मला पण तेच पाहिजे, ट्यूशनला, मैदानाला, मित्राकडं स्वतःचा स्वतः जातो, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही मला. म्हणून विचारते, सिग्नलला सायकल उभी कुठं करायची? कडेला नको तर मग कुठं? पुढं जाऊन उभा राहिला तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करतात. आणि हिरवा पडायच्या आधीच निघणाऱ्या गाड्यांचं काय करायचं?


फर्स्टशिफ्ट_उद्यमबाग:

ताई, पोराला फार लागलं नाही हे वाचून बरं वाटलं. मी शहापूरहून उद्यमबागला फौंड्रीत जातो, लग्नाच्या आधीपासून सायकलच, त्यामुळं अनुभवाचं सांगतो, पुस्तकातलं नाही.

कडेनं जा हे रस्त्यावर चालताना ठीक आहे, पण सिग्नलला कडेला थांबणं ही सगळ्यात वाईट जागा. का, तर डावीकडं वळणारी प्रत्येक गाडी त्याच जागेवरून जाणार. तुमचा पोरगा सरळ जाणार असेल तर त्यानं सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या ओळीत थांबायचं, म्हणजे लेनच्या मधोमध, जशी मोटरसायकल थांबते तशी, फुटपाथला पाय टेकायचा मोह सोडायचा. सगळ्यांच्या पुढं जागा असेल तर पुढं, पट्टीच्या अलीकडं, असं की पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला काचेतून त्याची पाठ दिसली पाहिजे. मोठी गाडी असेल तर अजून चार पावलं पुढं, कारण अगदी नाकाखाली उभं राहिलेलं त्याला दिसत नाही.

आणि पुढं जाण्याएवढी जागा नसेल, टेम्पो बस आधीच लागलेली असेल, तर तिच्या बाजूनं घुसायचं नाही, मागं थांबायचं, सरळ मागं. एक सिग्नल चुकला तर चुकला. आमच्यातली पोरं हेच करत नाहीत, सायकल बारीक असते म्हणून फटीतून पुढं पुढं जातात आणि मध्येच हिरवा पडतो. तुमच्या केसमध्ये टेम्पो नंतर आला, तिथं पोराचं काहीच चुकलेलं नाही, पण तो मधोमध उभा असता तर टेम्पोला त्याच्या बाजूला यायला जागाच नसती, मागं थांबावं लागलं असतं. हे त्याला नीट समजावा, रागावून नको.

हॉर्नचं म्हणाल तर वाजवू दे की ओ. हॉर्न वाजवणाऱ्याला तुमचा पोरगा दिसलेला असतो. भीती त्याची ज्याला दिसलेलाच नाही.


क्लीनरसाईड:

अक्का, मी ट्रक चालवतो आणि सीझनला उसाचा ट्रॅक्टर, डबल ट्रॉली. वरच्या भावानं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर हाय, मी आमच्या सीटवरनं कसं दिसतं तेवढं सांगतो.

आपल्या गाड्यांचं स्टेअरिंग उजवीकडं, त्यामुळं डावी बाजू म्हणजे क्लीनर साईड आम्हाला नुसती आरशातनं दिसते. पूर्वी क्लीनर दारातनं मुंडी काढून सांगायचा, जाऊ दे, थांब, सायकल हाय. आता बऱ्याच गाड्यांवर एकटा ड्रायव्हरच असतो. आरशात मागची बाजू दिसते पण दाराच्या अगदी खाली, पुढच्या चाकापाशी कोण उभं असेल तर आरशात पण न्हाई आणि काचेतनं पण न्हाई. नववीतलं पोर सायकलवर बसलेलं, डोकं आमच्या खिडकीच्या खालीच राहतं.

दुसरं म्हणजे मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात न्हाई. डावीकडं वळताना पुढचं चाक लांबनं फिरतं आणि मागचं चाक आतनं कापत जातं, गाडी जेवढी लांब तेवढं जास्त आत. म्हणून पुढचा भाग गेला म्हणजे सुटलो असं सायकलवाल्यानं कधी समजू नये. डबल ट्रॉलीचं तर विचारूच नका, दुसरी ट्रॉली कुठनं येणार हे नवीन पोराला अंदाजच येत न्हाई. आणि अजून एक, हे पोरांना कुणी सांगत न्हाई, मोठी गाडी डावीकडं वळायची असली की आधी थोडी उजवीकडं घेतो आम्ही, वळण बसावं म्हणून. मागच्याला वाटतं गाडी उजवीकडं चालली, डावीकडं जागा झाली, आणि तो त्या जागेत शिरतो. ती जागा त्याच्यासाठी नसते, ती गाडी वळायसाठी मोकळी केलेली असते. उसाच्या दिवसांत, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, हे पोराला बजावून सांगा. ट्रॉलीच्या बाहेर ऊस आलेला असतो, आरसा असला तरी त्यातनं मागचं काय दिसत न्हाई, वर टेप लावलेला असतो, तुम्ही ओरडला तरी ऐकू जाणार न्हाई.

ड्रायव्हरनं काय करावं ते पण लिहितो, कारण सगळं पोरांच्याच डोक्यावर टाकणं बरोबर न्हाई. वळायच्या लई आधी इंडिकेटर, सिग्नलला थांबलेला असतानाच लावायचा, हिरवा पडल्यावर न्हाई. आणि हलवायच्या आधी डाव्या आरशात एकदा न्हाई दोनदा बघायचं, कारण एका बघण्यात आणि दुसऱ्या बघण्यात सायकल येऊन लागलेली असते. टेम्पोवाल्यानं थांबायला पाहिजे होतं. न थांबता गेला ते माणुसकीला धरून न्हाई.


कॅम्पवाला:

मुलाला लागलं त्याचं वाईट वाटलं, पण एक बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय. मी रोज कारनं काँग्रेस रोडनं जातो. ट्यूशन सुटली की पोरं तिघं तिघं ओळीत गप्पा मारत चाललेली असतात, कानात इअरफोन, सिग्नल लाल असला तरी सायकलला कोण विचारतो म्हणून सरळ जातात, राँग साईडनं तर रोजचं आहे. आपण हिरव्यावर निघालो आणि हे समोरून आडवे आले तर ब्रेक लावून लावून किती लावणार, आणि काही झालं तर मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरतात, लोक जमून मारायला उठतात. नियम सगळ्यांना सारखे पाहिजेत.


फर्स्टशिफ्ट_उद्यमबाग:

दादा, राँग साईड आणि लाल तोडणं चूकच, त्यात वाद नाही, माझ्या पुतण्याची सायकल मी त्याच कारणासाठी काढून ठेवली होती. पण इथं प्रश्न लालला थांबलेल्या पोराचा आहे. थांबलेल्यालाच मार बसला तर बाकीची पोरं काय शिकणार, की थांबून काही उपयोग नाही, उलट गाड्यांच्या आधी लालमध्येच सटकलेलं बरं. खरं सांगतो, कित्येक कामगार नेमकं ह्याच भीतीनं सिग्नल तोडतात, हिरवा पडल्यावर मागून जो लोंढा येतो त्यात सापडायला नको म्हणून. त्यांना शिस्त लावायची असेल तर आधी थांबलेल्याला जागा आणि दोन सेकंद मिळाले पाहिजेत.


टाइमर_बघणारा:

मी सिव्हिल इंजिनियर आहे, रस्त्याची कामं करतो, थोडं हिशोबाचं लिहितो कारण ह्यात हिशोब आहेच.

सायकल ताशी १५ किमीनं गेली तर सेकंदाला साधारण ४ मीटर जाते. चौक ३० मीटर रुंद धरला तर पार करायला ७ सेकंद, तेही चालत्या सायकलला. दप्तर घेऊन उभ्या सायकलवरून निघालेल्या मुलाला ९-१० सेकंद धरा. पिवळा दिवा साधारण ३ सेकंदाचा असतो. म्हणजे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी जो सायकलवाला चौकात शिरला तो पिवळा संपून लाल पडला तरी चौकाच्या मध्यावरच असतो. त्याच्यासाठी म्हणून ऑल रेड ठेवतात, म्हणजे सगळ्या बाजूंना एकदम लाल, चौक रिकामा व्हावा म्हणून दोन-तीन सेकंद. आणि आपल्याकडं काय होतं, आडव्या बाजूच्या लोकांचा डोळा टायमरवर, लालचे ३ उरले की क्लच सोडला. ते जे तीन सेकंद ह्यांनी खाल्ले ते नेमके मध्ये अडकलेल्या सायकलवाल्याचे आणि काठी टेकत चाललेल्या आजोबांचे होते. ताशी ४० नं गाडी सेकंदाला ११ मीटर येते, म्हणजे त्या तीन सेकंदात ३० मीटरच्या वर, पूर्ण चौक.

त्यामुळं ताई, मुलाला हे सांगा की टायमर असेल तर हिरव्याचे ५-६ च उरले असतील तेव्हा चौकात शिरायचं नाही, थांबायचं. आणि आपला हिरवा पडला तरी लगेच निघायचं नाही, आधी उजवीकडं बघायचं, कोण लाल तोडून येतोय का, मग डावीकडं, मग पेडल. कॅम्पवाले सर, तुमचं म्हणणं की नियम सारखे पाहिजेत ते मला मान्य आहे, पण केंद्र सरकारच्या आकड्यांत २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास दोन तृतीयांश दुचाकीवरची आणि पायी चालणारी. ज्याच्या अंगावर पत्रा नाही त्याच्या वाट्याला सगळं येतं, म्हणून सावध राहायची जबाबदारी पत्र्याच्या आत बसलेल्यावर जास्त.

परदेशातलं एक सांगतो कारण इथं विचारलं जाणारच. लंडनमध्ये बऱ्याच सिग्नलला दोन स्टॉप लाईन असतात, गाड्या मागच्या लाईनवर थांबतात आणि पुढच्या चौकोनात फक्त सायकली, जमिनीवर सायकलचं चित्र काढलेलं असतं. वर फर्स्टशिफ्टवाल्या दादांनी जे सांगितलं, पुढं उभं राहा, ड्रायव्हरला पाठ दिसू दे, तेच तिथं रंगानं आखून दिलंय. शिवाय २०२१ पासून तिथं १२ टनांवरच्या ट्रकला ड्रायव्हरच्या सीटवरनं बाहेरचं किती दिसतं ह्यावर परमिट मिळतं. बेळगावात नुसता चौकोन रंगवला तर एका दिवसात तो मोटरसायकलींनी भरेल हे मला माहीत आहे. पण निदान आहे ती स्टॉप लाईन झेब्रा पट्टीपासून चांगली मागं घेतली आणि तिथं माणूस उभा केला तरी मधल्या जागेत सायकलला थांबता येतं. आत्ता कितीतरी सिग्नलला लाईन पुसून गेली आहे, गाड्या झेब्रावरच थांबतात, मग सायकलवाल्यानं पुढं जायचं म्हणजे थेट चौकात जायचं का?


काळाकोट_खानापूर:

कायद्याचं थोडक्यात, कारण मिस्टरांचा ॲक्टिव्हाचा विचार वाचून काळजी वाटली.

वहिनी, नववीतल्या मुलाला ॲक्टिव्हा अजिबात देऊ नका. १६ च्या आत कुठलंच लायसन्स नाही, १६ ते १८ मध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, ॲक्टिव्हा त्याच्या कितीतरी वर जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलंय, अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना गुन्हा झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आणि अपघातात समोरच्याला काही झालं तर इन्शुरन्सचा जो घोळ होतो तो वेगळाच, अशी घरं मी कोर्टाच्या पायरीवर बघितली आहेत.

लाल सिग्नल तोडणं हे २०१९ पासून कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट लिहिलंय, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. गाडी चालवताना हातात मोबाईल आणि राँग साईड पण त्याच कलमात. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये तर सरळ म्हटलंय की पायी चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं ह्यांची ड्रायव्हरनं विशेष काळजी घ्यायची. म्हणजे टाइमर_बघणारा जे म्हणतात ती नुसती भावना नाही, तसा नियमच आहे.

टेम्पो पळून गेला त्याबद्दल. कलम १३४ प्रमाणं ड्रायव्हरनं थांबून जखमीला दवाखान्यात न्यायची सोय करणं आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नंबर घेतला असेल, अगदी अर्धा का असेना, तर तक्रार द्या, आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्याचं फुटेज फार दिवस राहत नाही, लवकर मागा. जमलेल्या लोकांपैकी कुणी मदत केली असेल तर त्यांना सांगा घाबरू नका, कलम १३४ अ आणि कर्नाटकाचा २०१६ चा वेगळा कायदा, दोन्हीत मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, त्याला जबरदस्तीनं साक्षीदार करता येत नाही. गाडी सापडलीच नाही आणि गंभीर दुखापत असेल तर हिट अँड रनच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून ५०,००० रुपये मिळतात, मृत्यू झाला तर दोन लाख. तुमच्या मुलाला तशी वेळ आली नाही हे चांगलं, पण इथं वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२.


सरकारी_सायकल:

मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या भागातल्या शाळांना सायकल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, २००६-०७ पासून सरकारनं आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या त्या पाच-सहा किलोमीटर लांबच्या हायस्कूलला यायला लागल्या. करोनापासून ते वाटप बंद पडलं, पण सायकली अजून गावोगावी फिरताहेत, थोरलीची धाकटीला. सायकल दिली, चालवायची कशी हे मात्र कुणी शिकवलं नाही. गावात सिग्नल नाही, मग ही मुलं कॉलेजला बेळगावला येतात आणि पहिल्यांदा सिग्नल बघतात ते थेट अशा गर्दीत.

आम्ही शाळेत एक करून बघितलं ते सांगतो. एका पालकांचा टेम्पो मैदानात उभा केला, प्रत्येक मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि बाकीच्या चार-पाच जणांना सायकली घेऊन टेम्पोच्या डाव्या बाजूला, पुढं, मागं उभं केलं. सीटवर बसलेल्याला विचारायचं, किती जण दिसतात, कोण दिसत नाही. डाव्या दाराशी उभी असलेली मुलगी दिसलीच नाही म्हटल्यावर मुलं खाली उतरून परत परत जाऊन खात्री करत होती. नंतर चुन्यानं जमिनीवर खुणा केल्या, जिथून दिसतं तिथं गोल, जिथून दिसत नाही तिथं फुली. तास-दीड तासाचं काम, खर्च काही नाही. भाषणापेक्षा हे डोक्यात बसतं, कारण मुलांना आतापर्यंत असंच वाटत असतं की मला ट्रक दिसतोय म्हणजे ट्रकवाल्याला पण मी दिसतोय.

ताई, तुमच्या मुलाला कुणा ओळखीच्याच्या टेम्पोत एकदा असं बसवा. आत्ता त्याच्या मनात जो राग आणि भीती आहे त्याला त्यानं उत्तर मिळेल. आणि त्याला परत एकदा सांगा की तू लालला थांबलास ते बरोबरच केलंस.


अनगोळची_आई:

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. क्लीनरसाईड दादा, तुम्ही लिहिलेलं मुलाला मोठ्यानं वाचून दाखवलं, ते मागचं चाक आतून कापत येतं म्हटल्यावर तो म्हणाला अगदी असंच झालं, टेम्पो पुढं गेला म्हणून मी पुढं निघालो. मिस्टरांना वकील साहेबांचं दाखवलं, ॲक्टिव्हाचा विषय संपला. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना ते स्वतः मुलाबरोबर दुसऱ्या सायकलवर गेले आणि लेनच्या मध्ये थांबायची प्रॅक्टिस करून आले. मुलगा म्हणाला मधोमध थांबायला पहिल्यांदा लाज वाटते, सगळे आपल्याकडंच बघताहेत असं वाटतं. सवय होईल, मिस्टर म्हणाले.

अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, रेल्वे गेट. गेट उघडलं की दोन्ही बाजूंनी पूर्ण रस्ता भरून गाड्या एकमेकांसमोर येतात, तिथं तर सिग्नल पण नाही. दुसरं पाऊस. जूनला शाळा सुरू होते आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सप्टेंबरपर्यंत पोरगा रेनकोटातच.


फर्स्टशिफ्ट_उद्यमबाग:

गेटला सोपं आहे, उतरायचं. सायकल हातात धरून कडेनं चालत पार करायची, पहिला लोंढा जाऊ द्यायचा. सायकलवरच जायचं झालं तर रुळाला आडवं, काटकोनात, नाहीतर पुढचं चाक रुळाच्या फटीत बसतं, पावसात तर हमखास.

पावसाचं म्हणजे ब्रेक. रिमला रबर घासणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात, मग पकडतात. म्हणून सिग्नल दिसला की लांबूनच हलके हलके दाबत यायचं, जवळ येऊन एकदम नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर वळायचं नाही, रंग ओला झाला की चाक सटकतं. रेनकोटची टोपी सगळ्यात धोक्याची, मान वळवली तरी टोपी वळत नाही आणि बाजूचं काही दिसत नाही, त्यापेक्षा आत साधी कॅप घालून टोपी तिच्यावर नीट बांधायची किंवा सरळ हेल्मेट घालायचं आणि टोपी मागं टाकायची. रेनकोट काळा, निळा घेऊ नका, पिवळा नाहीतर नारिंगी. मागं लाल लाईट लावा, छोटा मिळतो, ढगाळ असलं की सकाळी पण चालू ठेवायचा.


कॅम्पवाला:

मी वर जे लिहिलं ते मुलांवर राग म्हणून नव्हतं. क्लीनरसाईडचं वाचून परवा सिग्नलला थांबल्यावर डाव्या आरशात बघायला लागलो, खरंच दोन सायकली होत्या ज्या थांबताना नव्हत्या. राँग साईडबद्दल माझं मत तेच आहे. पण स्टॉप लाईनचा मुद्दा पटतो. लाईनच दिसत नसेल तर थांबणारा माणूस पण पुढच्याच्या मागं मागं झेब्रावर जातो. महानगरपालिकेला आणि ट्रॅफिक पोलिसांना निवेदन द्यायचं असेल तर मी सही करतो, आमच्या कॉलनीतल्या पण आणून देतो.


टाइमर_बघणारा:

निवेदन मी लिहून काढतो. मागण्या मोजक्या ठेवूया म्हणजे कुणीतरी वाचेल. शाळा भरताना आणि सुटताना सिग्नलला ट्रॅफिकचा माणूस किंवा होमगार्ड. स्टॉप लाईन परत रंगवून झेब्रापासून मागं. त्या दोन वेळांत ऑल रेडचा वेळ वाढवणं, हे कंट्रोलरमध्ये बदलता येतं, त्याला रस्ता खोदावा लागत नाही. आणि डावं वळण जिथं सतत चालू असतं तिथं सायकल, पायी माणसांना आधी जाऊ द्या असा बोर्ड. बोर्ड कन्नड आणि मराठी दोन्हीत मागूया. निवेदन पण दोन्ही भाषेत पाहिजे, त्या सिग्नलला कन्नड शाळेतली पोरं पण तेवढीच थांबतात, त्यांच्या पालकांच्या सह्या आल्या तर वजन वाढेल. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिणारं कुणी आहे का?


सरकारी_सायकल:

कन्नड मसुदा मी करतो, मराठीचा पाठवून द्या. आमचे एक सहकारी कन्नड शिकवतात, त्यांच्या नजरेखालून घालतो. आणि निवेदनात एक ओळ टाका की शाळांनी वर्षातून एकदा मैदानात टेम्पो किंवा बस आणून तो सीटवर बसवायचा तास घ्यावा, शाळेची स्वतःची बस असेल तर अजूनच सोपं.


क्लीनरसाईड:

टेम्पो पाहिजे असेल तर मला सांगा सर, टिळकवाडीत, अनगोळात, वडगावात कुठंबी. सीझन नसला की गाडी उभीच असते. रविवार सोडून कधी पण, डिझेलचं बघू नका. फक्त पोरांना सांगा सीटवर चढताना चपला काढायची गरज न्हाई, आणि हँडब्रेक ओढलेला असतो त्याला हात लावायचा न्हाई.